इस्त्री, बल्ब आणि पिवळा मीटर: रेझिस्टन्स एका आकड्यात का मावत नाही आणि घरी कसा मोजायचा

आधी एक काम करा. एक डिजिटल मल्टिमीटर हाताशी घ्या, व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स मोजणारा, पुढे त्याला नुसतं मीटर म्हणतोय. रेझिस्टन्स म्हणजे वस्तू करंटला किती अडवते ते, तो ओहममध्ये मोजतात. घरातली साधी इस्त्री घ्या, स्टीमवाली नको, ती हजार वॅटची गोल नॉबवाली असते ना ती. प्लग बोर्डातून काढलेलाच असू द्या, नॉब मात्र फुल्लवर फिरवून ठेवा, नाहीतर आतला थर्मोस्टॅट बंद असतो आणि मीटर काहीच दाखवत नाही. मीटर २०० ओहमच्या रेंजला टाका आणि प्लगच्या दोन बारीक पिनांना प्रोब (मीटरच्या वायरीची टोकं) लावा, जाड पिन अर्थिंगची आहे, तिला हात लावायची गरज नाही. ५० च्या आसपास आकडा येईल. आता जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या, तो पण होल्डरमधून काढलेला, आणि खालच्या दोन टिकल्यांना प्रोब लावा. तिथे येईल साधारण ४०.

आता जरा थांबा आणि विचार करा. इस्त्री हजार वॅटची, बल्ब शंभर वॅटचा, आणि मीटर म्हणतो बल्बचा रेझिस्टन्स इस्त्रीपेक्षा कमी. म्हणजे २३० व्होल्टला जोडल्यावर बल्बने इस्त्रीपेक्षा जास्त करंट ओढायला पाहिजे, २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर, तेरा-साडेतेराशे वॅट. असं होत नाही हे आपल्याला माहितीये. बल्ब ०.४३ अँपिअर घेतो, आणि त्यावरून उलटा हिशोब केला तर पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स निघतो ५२९ ओहम. इस्त्रीचा तोच उलटा हिशोब केला तर ५३ निघतो, म्हणजे मीटरने दाखवला जवळजवळ तेवढाच.

मीटरमध्ये काही गडबड नाहीये. ओहमच्या रेंजला मीटर स्वतःच्या बॅटरीतून अगदी थोडासा करंट सोडतो आणि त्यावरून आकडा काढतो, त्यात बल्बची तार गरमच होत नाही. तुम्हाला मिळाला तो थंड बल्बचा आकडा. पेटलेला बल्ब हा करंटच्या दृष्टीने वेगळाच प्राणी आहे.

शाळेत नववीला व्ही बरोबर आय गुणिले आर (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, हाच ओहमचा नियम) पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, आणि त्यात वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल तर अशी एक अट असते, ती आपण दोन मार्कांसाठी लिहितो आणि विसरतो. सगळी गंमत त्या अटीतच आहे. व्होल्टेजला करंटने भागून एक आकडा कुठल्याही वस्तूसाठी काढता येतो, त्याला कुणाची ना नाही, पण तो आकडा व्होल्टेज बदललं तरी तोच राहील असं ओहमचा नियम म्हणतो, आणि ते काही वस्तूंच्या बाबतीत खरं असतं, काहींच्या बाबतीत बिलकुल नाही. त्यामुळे एखाद्या वस्तूचा रेझिस्टन्स किती असं विचारण्यापेक्षा तिला पाच वेगवेगळी व्होल्टेज द्या, करंट मोजा आणि ग्राफ काढा, आडव्या रेघेवर व्होल्टेज, उभ्या रेघेवर करंट. तेच कसं करायचं ते खाली सांगतोय. पाण्याच्या पाइपची उपमा मुद्दाम देत नाहीये, कारण ती बल्बपाशी आली की उपयोगाची राहत नाही.

सामान काय लागेल

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकी ठिकाणी गावातलं रेडिओ-टीव्ही रिपेअरवालं दुकान किंवा ऑनलाइन. साधे पिवळे डिजिटल मीटर दोन असले तर फार सोपं जातं, एक करंटला एक व्होल्टेजला. एकच असेल तरी जमतं, फक्त काढ-घाल करत बसावं लागतं. पेन्सिल सेल सहा, अल्कलाइनच घ्या, स्वस्तातले सेल या कामात लगेच मान टाकतात. सेल ठेवायचा होल्डर, मगर क्लिप लावलेल्या वायरी आठ-दहा, एक १० ओहम १० वॅटचा पांढरा सिरॅमिकचा रेझिस्टर, गॅरेजवाल्याकडून बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब (काचेचा जुना प्रकार, एलईडीवाला नको), एक लाल एलईडी, एक ४७० ओहमचा छोटा रेझिस्टर, एक १० के चा एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा छोटा भाग), पेन्सिलीची शिसं, खायचा सोडा आणि ग्राफ पेपर. ग्राफ पेपर घ्याच, मोबाइलमध्ये आकडे टाकून आलेला ग्राफ आणि हाताने एकेक ठिपका देत काढलेला ग्राफ यात समजण्याचा फरक पडतो असं माझं मत आहे.

मीटरबद्दल नीट वाचा, कारण मीटर जळतात ते इथेच. मीटरला तीन भोकं असतात. काळी प्रोब कायम कॉम लिहिलेल्या भोकात. लाल प्रोब व्होल्टेज, ओहम आणि मिलीअँपिअरसाठी मधल्या भोकात, मोठ्या करंटसाठी १० अँपिअरच्या भोकात. व्होल्टेज मोजताना मीटर वस्तूच्या दोन टोकांना आडवा लावायचा, करंट मोजताना सर्किट तोडून मीटर मध्ये घुसवायचा. करंटच्या रेंजला असताना मीटर सेलच्या दोन टोकांना थेट लावलात की तो मीटर नाही, नुसती वायर आहे, शॉर्ट होणार. मिलीअँपिअरच्या बाजूला आत छोटा फ्यूज असतो तो उडतो, पण १० अँपिअरच्या भोकाला या स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसतो, शेजारी तसं छापलेलंही असतं. म्हणून घरातल्या बोर्डाजवळ हा मीटर करंटच्या रेंजवर न्यायचाच नाही. या पूर्ण लेखात २३० व्होल्टला काहीही जोडायचं नाहीये, सगळं सेलवर.

अजून एक, ओहमच्या रेंजला दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून बघा, शून्य येत नाही, ०.३ ते ०.५ काहीतरी येतं. ते प्रोबच्या वायरीचं. लहान आकडे मोजताना तेवढं वजा करायचं.

पहिला नंबर साध्या रेझिस्टरचा

जोडणी अशी. सेलच्या प्लसपासून वायर पहिल्या मीटरला, तो १० अँपिअर डीसीवर. तिथून रेझिस्टरच्या एका पायाला, दुसऱ्या पायापासून सेलच्या मायनसला. दुसरा मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून रेझिस्टरच्या दोन पायांवर. व्होल्टेज बदलायला वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, होल्डरमध्ये प्रत्येक सेलच्या शेवटी जी स्प्रिंग किंवा पत्री असते तिथे मगर क्लिप सरकवत न्यायची, एक सेल दीड व्होल्ट, दोन सेल तीन, असं नऊपर्यंत.

पण ग्राफवर दीड, तीन, साडेचार असे छापील आकडे टाकू नका, दुसरा मीटर काय दाखवतो तेच टाका. सेलवर लोड आला की व्होल्टेज बसतं, सहा सेलचे नऊच्या ऐवजी आठ किंवा त्याहून कमी दिसले तर घाबरायचं नाही, सेलला स्वतःचा पण रेझिस्टन्स असतो. हीच कटकट खुद्द ओहमला झाली होती. गेओर्ग ओहम कोलोनला शाळेत शिकवायचा, आणि त्या काळातल्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच खाली यायचं, आकडे जुळायचेच नाहीत. मग त्याने बॅटरी सोडून दिली आणि बिस्मथ आणि तांब्याचे दोन जोड केले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात, त्यातून व्होल्टेज अगदी थोडं मिळायचं पण हलायचं नाही. त्या आकड्यांवरून १८२७ मध्ये त्याने नियम मांडला, जर्मनीत सुरुवातीला फारशी किंमत मिळाली नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ ला कॉप्ली मेडल दिलं. आपल्याकडे दोन मीटर आहेत त्यामुळे बर्फ आणायची गरज नाही, करंट आणि व्होल्टेज एकाच क्षणी वाचलं की झालं.

१० ओहमला दीड व्होल्टला ०.१५, तीनला ०.३, साडेचारला ०.४५, सहाला ०.६ असे आकडे येतील, थोडं इकडे-तिकडे, कारण अशा रेझिस्टरवर पाच टक्के कमी-जास्त चालतं. ठिपके जोडले की शून्यातून जाणारी सरळ रेघ. कंटाळवाणी आहे, पण तीच पुढच्या सगळ्याची मोजपट्टी आहे. नऊ व्होल्टला हा रेझिस्टर आठ वॅटच्या आसपास उष्णता काढतो, बोट लावलं तर भाजतं, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि आकडा वाचून झाला की लगेच क्लिप काढा.

आता बल्ब, आणि खरी मजा इथे आहे

आधी मीटरने इंडिकेटरच्या बल्बचा थंड रेझिस्टन्स मोजा. प्रोबचं वजा करून एक-सव्वा ओहम येईल, इतका कमी की शॉर्ट वाटावा. मग तोच बल्ब रेझिस्टरच्या जागी लावा, दरवेळी दोन-तीन सेकंद आकडा स्थिर होऊ द्या आणि लिहा. माझ्या अंदाजाने साधारण असं दिसेल, तुमचे आकडे थोडे वेगळे येतील:

१.५ व्होल्ट, ०.२७ अँपिअर, म्हणजे ५.६ ओहम
३ व्होल्ट, ०.३९ अँपिअर, ७.७ ओहम
४.५ व्होल्ट, ०.४८ अँपिअर, ९.४ ओहम
६ व्होल्ट, ०.५७ अँपिअर, १०.५ ओहम
९ व्होल्ट, ०.७१ अँपिअर, १२.७ ओहम

आणि बाइकवर पूर्ण १२ व्होल्टला १४.४, तो तर बल्बवर छापलेल्या वॅटवरूनच निघतो. म्हणजे एक-सव्वा ओहमवरून साडेचौदापर्यंत, बारापट.

हे ठिपके रेझिस्टरच्याच ग्राफवर वेगळ्या रंगाने टाका. बल्बची रेघ सुरुवातीला झटकन वर जाते आणि मग वाकते, आणि पाच-साडेपाच व्होल्टच्या आसपास रेझिस्टरच्या सरळ रेघेला छेदून खाली येते. छेदायच्या आधी बल्ब रेझिस्टरपेक्षा जास्त करंट घेतोय, नंतर कमी घेतोय. आता मला सांगा, दोघांपैकी रेझिस्टन्स कुणाचा जास्त? किती व्होल्टला ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

कारण सोपं आहे. तार टंगस्टनची, करंट गेला की ती तापते, पूर्ण पेटल्यावर अडीच हजार डिग्रीच्या आसपास. धातूत इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात पण तापल्यावर अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनला पुढे सरकताना जास्त अडतात, म्हणून रेझिस्टन्स वाढतो. मग इस्त्री पण तापते, तिचा का नाही वाढला? कारण तिच्यात नायक्रोम असतं, निकेल आणि क्रोमियमचं मिश्रण. या मिश्रधातूत आत मुळातच इतकी सरमिसळ असते की इलेक्ट्रॉन थंड असतानाही भरपूर अडतो, तापल्याने त्यात विशेष भर पडत नाही, लालबुंद केलं तरी वाढ दहा टक्क्यांच्या आतच राहते. पाणी तापवायच्या रॉडवर पण बघू शकता, अर्थात प्लग काढून आणि रॉड कोरडा असताना: १५०० वॅटच्या रॉडचा हिशोबाने ३५ ओहम निघतो आणि मीटर पण पस्तिशीच्या जवळपासच दाखवतो. घरातल्या वस्तूंची अशी मोजणी करताना एलईडी बल्ब, सीएफएल, इंडक्शन यांना मात्र प्रोब लावू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

पिवळा बल्ब बटण दाबताक्षणीच का उडायचा तेही यातच आलं. थंड असताना ४० ओहम, म्हणजे पहिल्या क्षणी चालू करंटच्या बारा-तेरापट झटका, आणि तार जिथे झिजून बारीक झालेली असते तिथे तो झटका सोसत नाही.

रिपेअरवाल्याच्या दुकानात सिरीज बोर्ड बघितलाय का? सॉकेटच्या मध्येच एक १०० किंवा २०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला असतो, उघडलेला टीव्ही किंवा अँप्लिफायर पहिल्यांदा त्याच्यावर लावतात. वस्तू आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि शंभर वॅटचा असेल तर करंट ०.४३ च्या पुढे जाऊ देत नाही, फ्यूज उडत नाही, काही धूर निघत नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब मंद किंवा जवळजवळ विझलेला, आणि वस्तूला बरंचसं व्होल्टेज मिळतं. आता त्या जागी बल्बऐवजी साधा ५२९ ओहमचा रेझिस्टर टाकला असता तर? समजा टीव्ही ०.१ अँपिअर घेतोय, त्या रेझिस्टरवरच ५३ व्होल्ट खर्च झाले असते. बल्ब त्याच ०.१ ला फारसा तापत नाही आणि पंधरा-वीस व्होल्टच खातो. म्हणजे बल्ब ओहमचा नियम पाळत नाही म्हणून तो बोर्ड इतका उपयोगाचा आहे, आणि गल्लीतल्या मेकॅनिकला हे ग्राफ न काढता माहिती असतं. तुम्ही मात्र २३० व्होल्टचं काम करत नसाल तर हा बोर्ड बनवायच्या भानगडीत पडू नका.

तांब्याच्या वायरीचं काय

वायरचा रेझिस्टन्स शून्य असं आपण धरतो, आणि छोट्या करंटला ते चालून जातं. खरं बघायचं असेल तर नवीन घराचं वायरिंग चालू असेल तेव्हा १ चौरस मिलिमीटरच्या वायरचं न उघडलेलं ९० मीटरचं बंडल घ्या आणि दोन टोकांना मीटर लावा. १.६ ओहमच्या आसपास यायला पाहिजे, प्रोबचं वजा करून. फारच जास्त आला तर वायरीत तांबं कमी आहे किंवा तांबंच नाहीये.

आता एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, दहा मीटरचा, ०.७५ ची वायर. करंट जातो आणि परत येतो म्हणून वीस मीटर धरायचे, अर्धा ओहम. त्यावर दोन हजार वॅटचा हीटर लावला, ८.७ अँपिअर, की साडेचार व्होल्ट वायरीतच पडले आणि ३९ वॅट उष्णता त्या वायरीत निर्माण झाली. वायर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते, पण लोक बोर्ड गुंडाळलेलाच ठेवून हीटर लावतात, मग ती सगळी उष्णता एका गोळ्यात अडकते, आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो म्हणून चाळीस डिग्री तापलं की सोळा टक्के जास्त रेझिस्टन्स, त्यातून अजून उष्णता. एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरा असं जे लिहिलेलं असतं ते यासाठी.

एलईडीला थेट सेल लावायचा नाही

एलईडीच्या सिरीजमध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर हवाच. लांब पाय प्लसकडे. इथे करंट छोटा आहे, मीटर २० मिलीअँपिअर किंवा २०० मिलीअँपिअरवर, लाल प्रोब मधल्या भोकात आणायला विसरू नका. दुसरा मीटर फक्त एलईडीच्या दोन पायांवर, रेझिस्टर सोडून.

एका सेलवर काहीच होणार नाही, करंट शून्याच्या जवळ. दोन सेलवर लाल एलईडी लागेल, साधारण अडीच मिलीअँपिअर, आणि त्याच्यावर १.८ व्होल्ट. चार सेलवर करंट नऊच्या जवळ जाईल आणि एलईडीवरचं व्होल्टेज? १.९. सहा सेलवर पंधरा मिलीअँपिअर आणि व्होल्टेज दोनच्या आसपास. करंट सहापट झाला आणि व्होल्टेज ०.२ ने वाढलं. भागाकार करून रेझिस्टन्स काढलात तर सातशेवीसवरून एकशे तीसवर आला, पण खरं सांगायचं तर एलईडीच्या बाबतीत तो आकडा काढून कुणालाच काही फायदा नाही, इथे ग्राफच बघायचा: जमिनीला चिकटून चाललेली रेघ आणि मग एकदम भिंत. म्हणूनच रेझिस्टरशिवाय एलईडी जळतो, व्होल्टेज थोडंसं जास्त झालं की करंट कितीही वाढायला मोकळा.

एलईडी उलटा लावून पण बघा, करंट शून्य. फक्त उलटं लावताना तीन सेलच्या पुढे जाऊ नका, बहुतेक एलईडींना उलटं पाच व्होल्टच्या वर सोसत नाही.

थर्मिस्टर हा बल्बच्या बरोब्बर उलटा आहे. १० के चा एनटीसी खोलीत २५ डिग्रीला दहा हजार ओहम दाखवतो, मुठीत मिनिटभर धरा, सात हजाराच्या आसपास येईल, बर्फाच्या पाण्यात बुडवा (पायांना टेप लावून), तीस हजाराच्या वर जाईल. हा अर्धवाहक, यात तापल्यावर करंट वाहणारे इलेक्ट्रॉनच जास्त मोकळे होतात, त्यापुढे अणूंची थरथर किरकोळ. याला नऊ व्होल्ट लावून करंटवर लक्ष ठेवा, आकडा हळूहळू वर सरकतो, कारण मोजण्याच्या करंटनेच तो थोडा तापतोय. टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये लाइन आत येते तिथे काळी किंवा हिरवी चपटी गोळी दिसते, ५डी-९ वगैरे छापलेली, ती पण एनटीसीच. थंड असताना पाच ओहम, सुरुवातीचा झटका अडवते, मग स्वतः तापून रेझिस्टन्स कमी करते आणि बाजूला होते.

पेन्सिलीचं शिसं फार नाचवू नका. पॉइंट पेन्सिलची कांडी घ्या, मीटरवर काही ओहम येतील, लाकडी एचबी पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासली तर त्याहून जास्त, कारण ग्रॅफाइटमध्ये माती मिसळलेली असते आणि शिसं जितकं कडक तितकी माती जास्त. क्लिप सरकवत अर्ध्या लांबीवर आणली की रेझिस्टन्स पण अर्धा, हे बघायला छान आहे. ग्रॅफाइट पण तापल्यावर करंटला वाट देतं, पण एकाच सेलवर बघा, सहा सेल लावलेत तर बारीक कांडी धूर काढते, लाल होते आणि तुटते.

सोड्याचं पाणी

ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. मीठ नको, मिठाच्या पाण्यात प्लसच्या बाजूला क्लोरिन वायू निघतो. आणि स्टीलचे चमचे पण नकोत, प्लसचा चमचा विरघळायला लागतो आणि त्यातलं क्रोमियम पाण्यात येतं. दोन्हीकडे तासलेल्या दोन पेन्सिली वापरा.

आधी ओहमच्या रेंजला मोजून बघा, आकडा एका जागी उभाच राहणार नाही, सरकत राहील. मग एक सेल लावा, मीटर मिलीअँपिअरवर: पहिल्या क्षणी थोडा करंट, आणि बघता बघता शून्याकडे. दोन सेल लावा, आता करंट टिकतो आणि शिशाच्या टोकांवर बुडबुडे येतात. पुढे तीन, चार सेल लावत ग्राफ काढलात तर रेघ बऱ्यापैकी सरळ येते, पण ती शून्यातून निघत नाही, मागे वाढवली तर व्होल्टेजच्या रेघेला दोनच्या आसपास कुठेतरी टेकते. पाण्याचं हायड्रोजन-ऑक्सिजन करायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात अजून जास्त, आणि तेवढं दिल्याशिवाय पाणी दादच देत नाही.

आता सेल काढा आणि लगेच दोन पेन्सिलींवर व्होल्टेज मोजा. सेल नसताना पण एक व्होल्टच्या वर दिसेल आणि हळूहळू उतरेल. टोकांवर साचलेल्या वायूंमुळे तुमच्या ग्लासचीच तात्पुरती बॅटरी झालीये, आणि ती तुमच्या सेलच्या विरुद्ध ढकलत होती. मघाशी ओहमचा आकडा सरकत होता तो म्हणूनच. आरओ सर्व्हिसवाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पाण्यात बुडवतो तो पण आतून पाण्याचा करंटच मोजत असतो, पण ही भानगड होऊ नये म्हणून त्यात दिशा सारखी उलटसुलट होणारा करंट वापरतात.

शेवटचा वाहक, ज्याला सेल पण लावायचा नाही

मीटर २००० के च्या रेंजला टाका आणि दोन प्रोब दोन हातांच्या चिमटीत धरा. मीटर आपल्या बॅटरीतून नगण्य करंट सोडतो त्यामुळे यात धोका नाही, फक्त प्रोब कातडीत टोचायच्या नाहीत. हात कोरडे असतील तर काही लाख ओहम, किंवा रेंजच्याही बाहेर. बोटं ओली करून धरा, आकडा धाडकन खाली.

आता इथे खूप लोक एक हिशोब करतात आणि तो भयंकर चुकीचा आहे. दहा लाख ओहम, २३० व्होल्ट, म्हणजे पाव मिलीअँपिअरपण नाही, मग शॉक लागून काय होतंय. हा थंड बल्बचा आकडा घेऊन पेटलेल्या बल्बचा हिशोब करण्याचाच प्रकार आहे, फक्त इथे उलट्या दिशेने. मीटरने मोजला तो कोरड्या कातडीच्या वरच्या थराचा रेझिस्टन्स, आणि तो थर जास्त व्होल्टेजला टिकत नाही. आत सगळं खारट पाणीच आहे. २३० व्होल्टला पूर्ण शरीराचा रेझिस्टन्स हजार-दोन हजार ओहमच्या घरात येतो, म्हणजे करंट शंभर मिलीअँपिअरच्या वर, आणि हृदयाचे ठोके बिघडायला तेवढा पुरतो.

घरातल्या आरसीसीबीवर (मेन बोर्डातला, करंट गळाला की बंद होणारा स्विच) ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं ते या आकड्याच्या बरंच खाली ठेवलेलं आहे, जाणारा आणि परत येणारा करंट यात तेवढा फरक पडला की तो लाइन तोडतो. त्याच्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा, घरातली लाइट जायला पाहिजे. नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवून तो बदलून घ्या, आणि आरसीसीबीच नसेल तर बसवून घ्या.